'स्नॅपशॉट'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका: छायाचित्रण कार्यशाळेच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करताना मथळ्यातच अडले आहे. 'स्नॅपशॉटपासून फोटोग्राफपर्यंत' असा मूळ आशय आहे आणि मराठीत आपण दोन्हींना छायाचित्रच म्हणतो. मी 'सहज टिपलेली छायाचित्रे' असे लिहिले होते. परंतु 'टिपणे' सहज होत नसते, असे म्हणून आयोजकांनी ते खोडले. जाणकारांनी मत द्यावे.

पारवा: आयोजकांचे बरोबर आहे. पाखरू दाणा टिपते ते खडे वगळून आणि शिकारी सावज टिपतो तो नेम धरून. गंमत अशी, की 'स्नॅपशॉट' हा शब्दही शिकारीतूनच आला, पण नेमक्या उलट अर्थाने: सावज अचानक पुढ्यात आले की नेम न धरता झाडलेली गोळी म्हणजे स्नॅपशॉट. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८६० मध्ये तो छायाचित्रणाला लावला.

गल्लीबोळ: व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष मान्य नाही. 'कॅमेऱ्याने टिपलेले क्षण' ही ओळ वृत्तपत्रांनी इतकी झिजवली आहे, की आता पंगतीत तोंडात घास असलेल्या काकांचाही फोटो 'टिपलेला' असतो. आमच्या कॉलेजात 'मार रे एक फोटो' असे म्हणत. स्नॅपशॉट तो हाच. माहितीपत्रकात 'मारलेले फोटो' छापता येणार नाहीत, हे मात्र खरे.

जुनी रीळ: 'काढणे' या साध्या क्रियापदाला कोणी विचारत नाही, याचे नवल वाटते. पहिल्या वर्षी सोमवती अमावास्येला जेजुरीत उधळत्या भंडाऱ्याचे मी दोनशे तरी फोटो घेतले. सगळ्यांत पिवळा धुरळा आणि पुढच्या माणसाचे डोके. पुढच्या खेपेस एका पायरीवर बसलो, ऊन दीपमाळेआडून तिरपे येईपर्यंत थांबलो आणि एका आजींच्या तळहातावरच्या रेषांत बसलेला भंडारा, एवढा एकच फोटो घेऊन गड उतरलो. घरात आम्ही त्याला 'बसून काढलेला' म्हणतो आणि आधीच्या दोनशेंना 'जाता जाता काढलेले'.

पारवा: 'काढणे'ची बाजू घेता घेता आपण दोनदा 'फोटो घेतला' लिहिले आहे. हे इंग्रजीचे वळण आहे.

जुनी रीळ: असेल, परंतु काढणाऱ्याचीच तशी सवय झाली असेल, तर वळण कोणाचे म्हणायचे?

प्रकाशवाट: मुळात 'छायाचित्र' हाच शब्द चुकीचा आहे. फोटो उजेडाने उमटतो, सावलीने नव्हे, आणि मूळ ग्रीक शब्दातही प्रकाशच आहे. 'प्रकाशचित्र' हा नेमका शब्द असताना आपण तो वापरत नाही.

गल्लीबोळ: छायाचित्रणाचा शोध लावणाऱ्यांपैकी एक असलेल्या टॅल्बट यांनी १८३९ च्या आपल्या निबंधात या विद्येला सावली पक्की करण्याची कला म्हटले होते. शिवाय संस्कृतात 'छाया' म्हणजे प्रतिबिंबही आणि कांतीही. ज्याने शोध लावला त्याला सावली चालली, ती आपल्याला का चालू नये?

अनुवादिका: मथळा मला उद्या सकाळी द्यायचा आहे. 'जाता जाता काढलेला' आणि 'बसून काढलेला' ही जोडी मला फार आवडली. परंतु मथळ्यात ती एकटी पडली, तर लोकांना वाटेल की कार्यशाळेत खुर्च्यांची सोय आहे, एवढेच सांगायचे आहे.

प्रकाशवाट: मथळा काहीही द्या, आतल्या मजकुरात निदान 'प्रकाशचित्र' लिहा.