आमदार, लोकसेवक आणि अंतुले प्रकरण

'आमदार हाही लोकसेवकच, मग कारकुनाला लागतो तोच कायदा त्याला का नाही' हा इथल्या चर्चेत आलेला मुद्दा आज बरोबर आहे, पण कायम तसं नव्हतं. सिमेंट प्रकरणाचा (मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी ट्रस्टला देणग्या घेऊन बिल्डरांना सिमेंटचा कोटा दिल्याचा आरोप) उल्लेख चर्चेत दोघा-तिघांनी केलाय, पण सगळे जानेवारी १९८२ मधल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन यांच्या निकालावर आणि अंतुल्यांच्या राजीनाम्यावर थांबलेत. खरी गंमत पुढे आहे. खटला उभा राहिल्यावर प्रश्न आला की अंतुले मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत, मग लोकसेवकावरच्या खटल्याला लागते तशी पूर्वपरवानगी हवी की नको? विशेष न्यायाधीश म्हणाले हवी, आणि अंतुले सुटले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट सांगितलं: आमदार हा दंड संहितेच्या व्याख्येतला लोकसेवकच नाही, सबब परवानगीची गरज नाही, खटला चालवा, तोही उच्च न्यायालयात! म्हणजे 'लोकसेवक नाही' हे त्यांच्या सोयीचं नव्हे, उलट गळ्याशी आलं. (पुढे १९८८ मध्ये त्याच न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी खटला उच्च न्यायालयाकडे सोपवणंच चुकीचं ठरवलं, ते वेगळंच त्रांगडं.) आमदार-खासदार लोकसेवकाच्या व्याख्येत आले ते १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यामुळे.

बाकी 'सिमेंटमध्ये एवढं काय होतं' असं विचारणाऱ्यांनी गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना भेटावं. तेव्हा सिमेंट परमिटवरच मिळायचं; मोरीच्या दुरुस्तीला चार गोणी हव्या होत्या, तर वडिलांनी परमिटसाठी किती खेटे घातले ते अजून ऐकवतात. आणि अंतुले २००६ मध्ये पुन्हा केंद्रात मंत्री झाले होते, तेही लक्षात असू द्या.