नवे स्पीकर घेण्याआधी

विंडोज ११ टाकल्यापासून स्पीकर सतत सूंऽऽ करतात आणि गाणं लावलं की तडतडतात, म्हणून नवे घ्यायचं म्हणताय. जरा थांबा. स्पीकर चालू ठेवून त्याची पिन कॉम्प्युटरमधून काढा. तरीही सूं येत राहिलं तर दोष स्पीकरचा, वायरचा नाहीतर अडॅप्टरचा. थांबलं, तर कॉम्प्युटरकडेच बघायला हवं.

माझा संशय ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोज आणि साउंडचा भाग यांचा मेळ घालणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर आहे. अपग्रेड करताना विंडोज बरेचदा साउंडचा ड्रायव्हरही परस्पर बदलतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली कॉम्प्युटरच्या भागांची यादी) साउंडच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, ड्रायव्हर टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दिसेल, ते दाबलं की आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट असेल तर मदरबोर्ड किंवा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर शोधून देणारी फुकटची सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका, त्यातून नवीनच दुखणी मागे लागतात.

तडतडीसाठी सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड इथे तुमच्या स्पीकरवर क्लिक करून 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' (आवाज सुधारण्यासाठी विंडोज त्यात करत असलेले बदल) बंद करून बघा. आणि माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिसन टू धिस डिव्हाइस'वर टिक नाही ना, तेही पाहा. ती असली की माइकमधला सगळा आवाज स्पीकरवर येत राहतो.

पिन काढल्यावर काय झालं ते कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.