ग्रंथालयाच्या सूचना केवळ सोशल मीडियावर देणे योग्य आहे का?

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय आता सर्व सूचना केवळ इन्स्टाग्रामवर देते. परीक्षेच्या काळात वाचनकक्ष रात्री उशिरापर्यंत खुला असल्याचे माझ्या शेजारी बसणाऱ्या विद्यार्थिनीला चार दिवसांनी कळले, कारण तिच्याकडे साधा फोन आहे. मला हे फार लागले. ग्रंथपालांकडे हा मुद्दा कसा मांडावा?

उत्तर १: मी ग्रंथालयात काम करतो. इन्स्टाग्रामवरील पोस्ट केवळ कालक्रमाने नव्हे, तर अल्गोरिदमने, म्हणजे ॲपच्या स्वयंचलित नियमांनी, ठरवलेल्या क्रमाने दिसतात. त्यामुळे स्मार्टफोन असणाऱ्यांनाही सूचना वेळेवर मिळेलच असे नाही. शिवाय मजकूर चित्रात टाकून पर्यायी वर्णन दिले नाही, तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणारा दृष्टिहीन वाचक त्या सूचनेला मुकतो. तीच सूचना संकेतस्थळावर साध्या मजकुरात द्यावी आणि दाराजवळच्या फलकावरही लावावी, अशी लेखी विनंती करा.

उत्तर २: सहमत. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र अर्जात अवश्य नमूद करा. मात्र केवळ उपकरण मिळाल्याने विषमता मिटत नाही. ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकीय माहितीसंग्रहात, नेमका शोध कसा घ्यावा, हे अनेकांना शेजारी बसूनच शिकवावे लागते.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. उद्याच अर्ज देते. फलकाची मागणी पहिली ठेवीन.