अनुभव धागा: जमीन तुडुंब, वरून सरीवर सर

आषाढ अर्धा सरला की जमीन पाणी प्यायचं थांबते. मग झड नकोच, तासाभराच्या दोन-तीन सरींनी ओढा चढतो. आपल्या भागात काय बघायचं, काय करायचं ते लिहा. हकिकती नकोत, कामाचं लिहा.

पाऊसपट्टी: 1 मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी 10,000 लिटर पाणी. जूनमध्ये त्यातलं बरंच मुरतं, नंतर बहुतेक सगळं ओढ्यात जातं. सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा डबा पागोळ्यांपासून लांब उघड्यावर ठेवा आणि दर तासाला पट्टीने मोजा. वेधशाळेचा रोजचा आकडा सकाळी साडेआठ ते साडेआठचा असतो. दुपारची तासाभरातली 50 मिमीची सर त्यात बुडून जाते.

सावित्रीकाठ: महाडकरांनी डोक्यावरच्या ढगापेक्षा महाबळेश्वरचा पाऊस बघावा, सावित्री तिथूनच उतरते. जुलै 2021 मध्ये तिथे 24 तासांत 594 मिमी पडला, आणि पौर्णिमा तोंडावर होती, म्हणजे भरती मोठी. भरतीचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट. द्वादशीला 12 ची पाऊणपट 9, म्हणजे नऊच्या सुमारास भरती. त्या वेळी घाटातलं पाणी उतरलं तर खाडी ते घेत नाही, शहरात तुंबतं.

खाडीवाला: हिशेब बरोबर, पण तो किनाऱ्याचा. खाडीत आत भरती उशिरा पोचते. तक्ता बघाच.

मोरीतज्ज्ञ: पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याकाठी सीमाभिंती कोसळल्या. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी ओंडके, गाद्या, थर्माकोल अडकतं, मागे पाणी साठतं. प्रवाहाला आडवी भिंत त्या पाण्याचं धरण होते. फुटली की खालच्या घरांवर लोंढाच. अशा भिंतीला बुडाशी जाळीची भोकं हवीत. मोरी पावसाआधी साफ करायची. चढत्या पाण्यात बांबू घेऊन उतरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

वायरमन: पाणी उंबऱ्याला लागायच्या आत मेन स्विच पाडा. तेवढ्याने इन्व्हर्टर मरत नाही, बॅटरीवर तो घरात वीज देतच राहतो. तोही बंद करा. मीटरपेटीपर्यंत पाणी आलं असेल तर हात लावू नका, महावितरणला फोन करा.

तळमजला: पाणी दाराआधी संडासातून वर येतं. भांड्याच्या तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं वाळूचं पोतं दाबून बसवा. दाराशी लावायची पोती अर्धीच भरा, गच्च भरलेली एकमेकांवर बसत नाहीत. विटांसारखे सांधे मोडून रचा, पाण्याच्या बाजूला ताडपत्री.

डोंगरपायथा: झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, किंवा भर पावसात आटलं, तर सामान आवरत बसू नका. निघा.