आणीबाणी, बँका आणि गुरुजींचा अडकलेला पगार

(सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, २५ जून)

बी-५०४ : सर्वांना नमस्कार. मी टी.वाय.ला आहे, राज्यशास्त्र. पुढच्या आठवड्यात कॉलेजात इंदिरा गांधींच्या कारभारावर बोलायचंय आणि माझ्याकडे टीकेची बाजू आली आहे. पुस्तकं वाचली, पण तो काळ पाहिलेलं आपल्याकडे कोणी असेल तर प्लीज सांगा.

ए-१०१ (सेक्रेटरी) : ग्रुपवर राजकारण नको हा आपला नियम आहे. पण हा इतिहास आहे आणि मुलीचा अभ्यास आहे, म्हणून चालू द्या. आजच्या पक्षांवर कोणीही घसरू नका. टाकी धुण्याचा मेसेज मी संध्याकाळी परत टाकतो.

सी-२०३ : माझे वडील सांगायचे, आणीबाणीत लोकल वेळेवर सुटायच्या आणि ऑफिसात दहाच्या ठोक्याला सगळे जागेवर असायचे. टीका करताना हेही सांग. ती शिस्त आज पाहिजे.

डी-४०१ : बेटा, टीका जरूर कर, पण आधी हे लिहून घे. १९ जुलै १९६९ ला सरकारने १४ बँका ताब्यात घेतल्या. आपली बँक ऑफ महाराष्ट्र त्यातच होती. मी १९७३ ला बँकेच्या नोकरीत लागलो. पहिली नेमणूक मराठवाड्यात, जिथे तोवर कर्ज म्हणजे सावकाराची ओसरी. १९६९ ला देशात सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखा होत्या, १९८० पर्यंत तीस हजारांच्या वर गेल्या. म्हशीला, विहिरीवरच्या इंजिनाला कर्ज मी माझ्या हाताने मंजूर केलंय. आणि बांगलादेश युद्धातला १६ डिसेंबर १९७१ विसरू नकोस. ९३ हजार युद्धकैदी. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालेलं असताना बाई डगमगल्या नाहीत.

सी-६०२ : काका, यातलं काहीच मी नाकारणार नाही. माझा आक्षेप नेमका तिथूनच सुरू होतो. १९७१ ला लोकांनी त्यांना ३५२ जागा दिल्या. इतकं बहुमत असलेल्या पंतप्रधानांना 'नाही' ऐकून घेणं जड जायला नको होतं. पण त्यांच्या कारभारात नाही म्हणू शकणारी माणसं एकेक करून बाजूला गेली, आणि हे आणीबाणीच्या दोन वर्षं आधीच सुरू झालं होतं. केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ चा. घटनेचा मूळ ढाचा संसदेला बदलता येणार नाही, सात विरुद्ध सहा. दोनच दिवसांत ए. एन. रे सरन्यायाधीश झाले. त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ असलेले शेलट, हेगडे आणि ग्रोव्हर डावलले गेले. तिघेही त्या सातांमधले होते. तिघांनी राजीनामे दिले.

सी-६०२ : पक्षातही तेच. महाराष्ट्रात वसंतराव नाईक अकरा वर्षं मुख्यमंत्री होते. फेब्रुवारी १९७५ मध्ये ते पायउतार झाले, शंकरराव चव्हाण आले. १९८० नंतर तर अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, तीन वर्षांच्या आत तिघे. आमदार इथले, पण नावावर शिक्का दिल्लीचा.

बी-५०४ : ताई, आणीबाणी लावताना मंत्रिमंडळात कोणीच विरोध केला नाही का?

सी-६०२ : विचारलं तर पाहिजे ना! १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी रायबरेलीची त्यांची निवडणूक रद्द केली, सहा वर्षांची बंदी घातली. २४ ला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त स्थगिती दिली. २५ च्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांची सही झाली. मंत्रिमंडळाची बैठक २६ ला सकाळी सहा वाजता. सही आधी, मंत्रिमंडळ नंतर. यशवंतराव चव्हाण त्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा अशी अट आली, ती याच रात्रीमुळे.

सी-११० (आजी) : यशवंतरावांचं नाव निघालं म्हणून लिहिते. डिसेंबर १९७५, कराडचं साहित्य संमेलन. मी तेव्हा तिथल्याच कॉलेजात होते. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, स्वागताध्यक्ष यशवंतराव. विरोधकांचे नेते जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक हॉस्पिटलमध्ये होते, कैदेत त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दुर्गाबाईंनी सगळ्या मंडपाला त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. मी मागे बसले होते, आणि पोटात गोळा आला होता की आता काय होणार. पुढे त्यांना अटक झालीच. पण ती बाई केंद्रीय मंत्र्यासमोर उभी राहून बोलली. मी आयुष्यात इतकं धैर्य दुसऱ्यांदा पाहिलं नाही. पोरी, हे नक्की सांग.

सी-२०३ : हे नेते आणि लेखकांचं झालं. सामान्य माणसाला काय त्रास झाला?

ए-३०२ (गुरुजी) : मी लिहितो. टायपिंगला वेळ लागतो, मध्ये कोणी काही टाकू नका.

ए-३०२ (गुरुजी) : मी तेव्हा तेवीस वर्षांचा. दोन शिक्षकांची शाळा, एसटी जिथे वळून परत जाते ते गाव. १९७६ च्या उन्हाळ्यानंतर आम्हाला नसबंदीच्या 'केसेस' आणायला सांगितलं. शब्दच तो होता, केस. पगारपत्रकावर सही करायला गेलं की मुलं किती, हजेरी किती, हे कोणी विचारायचं नाही. 'गुरुजी, तुमच्या केसेस किती झाल्या?' माझी एकही नव्हती. दोन महिने पगार अडकला. घरी आई, धाकटी बहीण.

शाळेमागच्या वस्तीवर एक शेतमजूर होता, दोन मुलगे. थोरला माझ्या वर्गात. मी त्याच्याकडे तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी तो हो म्हणाला. मी त्याला पटवलं असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. खरं असं की मुलाच्या गुरुजींना नाही म्हणायची त्याच्यात ताकद नव्हती, जशी साहेबांना नाही म्हणायची माझ्यात नव्हती. तालुक्याच्या शिबिराला ट्रकमधून नेलं, संध्याकाळी आणून सोडलं. माझा पगार निघाला. पुढच्या पावसाळ्यात त्याचा धाकटा हगवणीने गेला.

तो मला एक शब्द बोलला नाही. वाटेत दिसला की 'रामराम गुरुजी' म्हणायचा. मी बदली मागून घेतली.

जबरदस्ती करा असं आम्हाला कागदावर कोणी दिलं नव्हतं. फक्त आकडा दिला होता. देशाचं १९७६-७७ चं उद्दिष्ट ४३ लाख होतं, शस्त्रक्रिया झाल्या ८१ लाखांच्या आसपास. उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट काम झालं आणि कोणी थांबून विचारलं नाही की हे होतंय कसं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, विरोधक तुरुंगात, मग दिल्लीला सांगणार कोण? शिस्त होती ना, ती अशी होती.

(बराच वेळ कोणाचा मेसेज नाही.)

सी-६०२ : गुरुजी, हे लिहिल्याबद्दल आभार. यात एकच जोडते. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. आपण हे उत्तरेत घडलं असं म्हणून मोकळे होतो.

डी-४०१ : गुरुजी, वाईट वाटलं. तरीही लोकसंख्येचा प्रश्न खरा होता हे मी म्हणेन. कोणीतरी हात घालायलाच हवा होता.

ए-२०४ : काका, मी १९७९ ला नर्स म्हणून लागले, त्यामुळे या कामाचं पुढे काय झालं ते मी पाहिलंय. १९७७ नंतर खात्याचं नावच बदललं, कुटुंब नियोजनाचं कुटुंब कल्याण झालं, कारण जुना शब्द ऐकला की माणसं शेतात पळायची. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी, एखाद-दुसऱ्या टाक्याची, पण पुरुष यायचेच बंद झाले. सगळा भार बायकांवर आला. माझ्या अख्ख्या नोकरीत मी रांगेत बायकाच पाहिल्या, कडेवर तान्हं घेऊन आलेल्या. प्रश्न खरा होता म्हणून तर राग येतो. चांगलं काम असं नासवलं की पुढच्या दोन पिढ्यांना त्याचं नाव काढता येत नाही.

डी-४०१ : हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बी-५०४ : कोर्टात कोणी गेलं नाही का? इतकी माणसं आत होती...

सी-६०२ : आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या हिशेबाने मिसा (खटल्याशिवाय डांबून ठेवणारा कायदा) आणि भारत संरक्षण कायदा मिळून १ लाख १० हजारांवर माणसं स्थानबद्ध होती. नऊ उच्च न्यायालयांनी त्यांची बाजू ऐकून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल दिला, की आणीबाणीत कैद्याला दादच मागता येणार नाही. एकटे एच. आर. खन्ना विरोधात. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनाही डावलून दुसरे सरन्यायाधीश झाले. त्या चारांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल चूक ठरवणाऱ्या पीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. चाळीस वर्षं लागली.

सी-११० (आजी) : निवडणुका त्यांनी स्वतःच जाहीर केल्या, हे पण सांगायला हवं. आणि हरल्यावर गेल्या. मुंबईत लाटणं मोर्चा काढणाऱ्या मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर, दोघी निवडून आल्या. पाण्यासाठी लढणाऱ्या मृणालताई म्हणजे पानीवाली बाई; 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा आम्ही रस्त्यावर ऐकली आहे.

ए-१०१ (सेक्रेटरी) : इतकी वर्षं एका इमारतीत राहतो आणि गुरुजींची ही गोष्ट आज कळली.

सी-२०३ : सकाळी मी शिस्तीचं लिहिलं, नंतर आईला विचारलं. ती म्हणाली, गाड्या वेळेवर होत्या हे खरं. पण आमच्या चाळीत शेजारच्या खोलीतले गृहस्थ मिसाखाली आत गेले, एकोणीस महिने. वडिलांनी आईला बजावलं होतं की त्यांच्या बायकोशी नळावर बोलायचं नाही, सरकारी नोकरी आहे. आई बोलली नाही. एकोणीस महिने त्या बाई हंडा भरून खाली मान घालून जायच्या. वडिलांनी मला फक्त गाड्यांचं सांगितलं.

ए-३०२ (गुरुजी) : त्या बाईंचं पुढे काय झालं, आईंना माहीत आहे?

सी-२०३ : नाही म्हणाली. १९७८ ला आम्ही चाळ सोडली. आज सकाळपासून ती त्यांचं नाव आठवतेय.

बी-५०४ : काका, मी तुमच्या आईंना भेटायला येऊ का?

सी-२०३ : पाचनंतर ये. तोवर झोपून उठलेली असते.