विषय: लाल डगला, काचेचे बूट आणि भोपळ्यातली म्हातारी

प्रेषक: चिन्मय

नमस्कार मंडळी,

शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये जमलेल्या सगळ्यांना धन्यवाद. 'चार्म्ड' या तीन चेटकीण बहिणींच्या जुन्या अमेरिकी मालिकेतली प्रू, म्हणजे शॅनन डोहर्टी, जुलै २०२४ मध्ये गेली, वर्षभराने कोलचं काम करणारा ज्युलियन मॅकमॅहन गेला, तेव्हापासून आमच्या गटात ती मालिका पुन्हा बघणं चाललंय. या खेपेला पाचव्या सीझनमधला परीकथांचा भाग लावला, 'हॅपिली एव्हर आफ्टर'. रात्री दीडपर्यंत वाद रंगला होता. जे आले नव्हते त्यांनाही बोलता यावं म्हणून इथे लिहितोय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका किल्ल्यात परीकथांमधल्या मूळ वस्तू जपून ठेवलेल्या असतात. काचेचे बूट, विषारी सफरचंद, लाल डगला, जादूचा आरसा. आरशात कोंडलेली दुष्ट चेटकीण तिथल्या शिकाऊ पोराला फितवते आणि सुटते. आरशाला विचारते, सगळ्यात ताकदवान चेटकीण कोण? उत्तर येतं, सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅलिवेल बहिणी. मग ती एकेकीच्या मागे एकेक गोष्ट सोडते. पेज सफरचंद खाते आणि काचेच्या पेटीत पडते. फीबीच्या पायात काचेचे बूट येतात. गरोदर पायपर आणि तिची आजी यांच्या वाट्याला लांडगा.

माझं मत सांगतो. मला 'चार्म्ड' आवडतं ते तिघी बहिणी एकत्र असतात म्हणून. या भागात तिघी तीन दिशांना. पेज पेटीत निपचित पडलेली, घरात सात बुटके, आणि आपण काळजी करायची की हसायचं तेच कळत नाही. माझ्या मते इथूनच मालिकेची दिशा बदलली. आधी जलपरी झाली होती, याच सीझनमध्ये पुढे सुपरहिरो, लेप्रेकॉन, वनदेवता. दर आठवड्याला नवा पोशाख. पहिल्या तीन सीझनमध्ये थोरली बहीण प्रू असताना जी भीती वाटायची ती गेली. प्रू मेली तेव्हा मी सातवीत होतो, आठवडाभर घरात कुणाशी धड बोललो नव्हतो. एवढी ताकद त्या मालिकेत होती, म्हणून लागतं.

चिन्मय

---

प्रेषक: मृण्मयी

चिन्मयदादा,

पोशाखांबद्दल पटलं. पण फीबीचा भाग तू फार पटकन सोडलास.

फीबीचा कोलपासून घटस्फोट चाललाय. तिला त्या लग्नातून बाहेर पडायचंय. आणि नेमक्या तिच्याच पायात सिंड्रेलाचे बूट येतात. म्हणजे जी गोष्ट लग्नावर संपते ती गोष्ट, लग्नातून निघू पाहणाऱ्या बाईला चिकटते. बूट पायात गेले की ती स्वतःची राहतच नाही. मला हे धूसर, दिव्यांच्या झगमगाटातलं दृश्य बघताना अंगावर काटा आला, लांडग्यापेक्षा जास्त. आमच्या वयाच्या मुलींना कांदेपोह्यांच्या वेळी, अगदी इथे अमेरिकेतसुद्धा, ते बूट कुणीतरी पुढे करतंच. प्रेमाने करतं, हेही खरं. भागाचं नाव 'आणि मग ते सुखाने नांदले' असं आहे, ते फीबीसाठी आहे असं मला वाटतं.

पेजबद्दल तू म्हणतोस ते मान्य. तिला काहीच करू दिलं नाही.

लांडग्याबद्दल आई लिहील. शनिवारी तिला बोलायला वेळच मिळाला नाही, ती वर चहा टाकत होती.

मृण्मयी

---

प्रेषक: वसंतकाका

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी ही मालिका बघितलेली नाही. शनिवारचा भाग मात्र नातवाच्या शेजारी बसून पूर्ण बघितला, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे असं धरतो.

तुम्ही सगळे 'चेटकीण' हा शब्द सहज वापरताय. मी धुळ्यात वाढलो, नंदुरबार तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. सातपुड्यातल्या पाड्यांमध्ये बाईला डाकीण ठरवतात. कुणाचं पोर आजारी पडलं, कुणाची गाय आटली की बोट एखाद्या एकट्या बाईकडे, बहुतेकदा विधवेकडे, जिच्या नावावर थोडीफार जमीन असते तिच्याकडे वळतं. मारहाण होते, गाव सोडावं लागतं, जीवही जातो. माझे वडील शाळाखात्यात होते. एकदा ते अशा एका बाईला आमच्या घरी घेऊन आले होते. ती दोन दिवस ओसरीवर बसून होती. आईने ताट वाढलं तर म्हणाली, ताट नको, पानावर द्या, नाहीतर नंतर लोक तुमचं ताट बाटलं म्हणतील. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

२० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत हे स्पष्ट लिहिलंय: अमुक व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, मंत्रतंत्राने गुरांचं दूध आटवते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा. गुरांच्या दुधाचा उल्लेख कायद्यात करावा लागला, इतकी ही गोष्ट तिकडे रोजची आहे.

आणि नातवाने सांगितलं की या मालिकेत यांची पूर्वज सेलममध्ये जाळली गेली असं दाखवलंय. खऱ्या सेलममध्ये १६९२ साली एकोणीस जणांना फाशी दिलं, एका म्हाताऱ्याला दगडांच्या वजनाखाली दाबून मारलं. जाळलं कुणालाच नाही. त्या बायका चेटकिणी नव्हत्या, हाच तर सगळा मुद्दा. मालिका म्हणते, होत्या, पण चांगल्या होत्या. त्याने माझं समाधान होत नाही.

मुलांनी बघू नये असं म्हणत नाही. बघताना एखाद्या मोठ्या माणसाने हे सांगावं, एवढंच.

आपला,
वसंत

---

प्रेषक: शुभदा

वसंतकाका,

तुमची मेल दोनदा वाचली. पानावर जेवणारी ती बाई आता माझ्या डोक्यातून जाणार नाही. पुढच्या वेळी मुलं जमतील तेव्हा सुरुवातीची दहा मिनिटं तुम्हीच बोला, ही माझी विनंती आहे. चेटकीण हा शब्द खरा नाहीच, पण दुसरा आणायचा कुठून? जादूगार म्हटलं की टोपीतून ससा काढणारा डोळ्यांसमोर येतो.

आता लांडग्याचं. चिन्मय, मला हा भाग फार जवळचा आहे, आणि तो का, हे सांगायला मला २००२ मध्ये जावं लागेल.

हा भाग २९ सप्टेंबरला लागला. रविवार होता, रात्री आठ वाजता, चॅनल अकरा. मला आठवा महिना होता, मृण्मयी पोटात. माझी आई साताऱ्याहून पहिल्यांदाच विमानात बसून आली होती, पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का. हे रात्रपाळीला. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या त्या वन बेडरूममध्ये आम्ही दोघीच. आई डिंकाचे लाडू करत होती. तुपात फुललेला डिंक परातीत काढायचा आणि वाटीच्या बुडाने चुरायचा, तो करकर आवाज टीव्हीच्या वरताण येत होता. आईला इंग्रजी अगदी बेताचं. तिने मान वर न करता विचारलं, "ही म्हातारी कोण गं?"

मी म्हटलं, "आजी आहे त्यांची. मेलीय खरं तर. पण नातीला मूल होणार आहे, ती घाबरलीय, म्हणून तिने बोलावून घेतलंय."

आई म्हणाली, "मग यायलाच हवं."

एवढंच. परत डिंक चुरायला लागली. मेलेल्या बाईने परत येण्यात तिला काही वावगं वाटलं नाही. बाळंतपण म्हटल्यावर वडीलधारी बाई येणारच, कुठून का येईना. ती स्वतः दोन विमानं बदलून आली होती, पिशवीत अळीव आणि बाळंतशेपा घेऊन. कस्टमच्या माणसाने शेपा हुंगून बघितल्या होत्या, त्याचा राग तिच्या मनात तेव्हाही होता.

मग लांडगा आजीला गिळतो. आईची वाटी थांबली. लांडगा आजीचं रूप घेतो, पायपर समोर, आणि ती तर पोटुशी. आई म्हणाली, "बघू नकोस तू हे, बंद कर." मी बंद केलं नाही. लांडगा पायपरलाही गिळतो. आणि मग ती आतूनच त्याच्या चिंधड्या उडवते.

चिन्मय, तू म्हणालास तिघी तीन दिशांना गेल्या. गेल्या, खरंय. पण हे एक दृश्य मला अख्ख्या सीझनच्या तोलाचं वाटतं. लाल टोपीवालीची गोष्ट पेरॉ या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये लिहून छापली, तिच्यात लांडगा आजीला खातो, मुलीला खातो, आणि गोष्ट संपते. खाली मुलींसाठी उपदेश, परक्याशी बोलू नका. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये शिकारी आणला. तो कात्रीने पोट फाडतो आणि दोघींना काढतो. म्हणजे एकशे पंधरा वर्षांत मुलगी वाचली, पण वाचवणारा बाहेरचा. या भागात बाहेरून कुणीही येत नाही. पायपरला स्वतःच्या जादूची भीती वाटत असते, पोटातल्या बाळाला हे सगळं नको असं तिला वाटत असतं, आणि तीच जादू तिला लांडग्याच्या पोटातून बाहेर काढते. पोटात बाळ असलेली बाई दुसऱ्याच्या पोटात जाते आणि स्वतःच्या बळावर बाहेर येते. लांडग्याचा मुखवटा केसाळ पोत्यासारखा दिसतो, हे मीही बघितलंय. त्याने माझं काही अडलं नाही.

पहिल्या बाळंतपणाची भीती काय असते ते मी तोंडाने कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. ती इथवर आलीय, तिला कशाला घोर लावायचा. त्या रात्री टीव्ही बंद झाल्यावर आईच बोलली. म्हणाली, "ही तर आपली भोपळ्यातली म्हातारी." मला आधी कळेना. मग ती लाडू वळता वळता सांगायला लागली, मला नाही, माझ्या पोटाकडे बघून. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, तुला खातो म्हणतात. ती म्हणते, आत्ता काय खाशील, हाडंच आहेत नुसती. लेकीकडे जाऊन येऊ दे, जाडजूड होऊ दे, मग खा. आणि परतताना भोपळ्यात बसून त्यांच्या नाकासमोरून टुणुक टुणुक निघून जाते.

नीट बघितलं तर सगळं आहे तिथे. रान आहे, खाऊ म्हणणारं जनावर आहे, आई आणि लेक आहेत, भोपळासुद्धा आहे. सिंड्रेलाचा भोपळा परी बदलून देते, बाराच्या ठोक्याला तो परत भोपळा होतो. आपल्या म्हातारीचा भोपळा पहिल्यापासून शेवटपर्यंत भोपळाच. तिला गाडी नको असते, घरी पोचायचं असतं. आणि रस्ता उलटा आहे. तिकडे नात आजीकडे जाते आणि आजी झोपून वाट बघते. आपल्याकडे म्हातारी स्वतः काठी टेकत लेकीकडे निघते. माझी आई निघाली तशी.

मृण्मयी, तू सिंड्रेलाबद्दल लिहिलंस ते वाचून मी फार वेळ गप्प बसले होते. तुझ्या बाबतीत ते बूट मी कधी पुढे केले असतील तर सांग. मेलवर नको, घरी सांग.

शुभदा

---

प्रेषक: चिन्मय

शुभदाताई, मी माझं मत अर्धं मागे घेतो. बुटक्यांबद्दलचं घेत नाही.

लांडग्याचा प्रसंग काल रात्री पुन्हा लावला. मी नेहमी ते दृश्य धूर आणि आवाजापासून बघायचो. या वेळी त्याच्या आधीचं बघितलं, आजी आणि पायपर घरात बोलत असतात ते. तिथेच सगळं ठरलेलं आहे.

एक काम होतं. बालवर्गाला भोपळ्याची गोष्ट ऑक्टोबरमध्ये सांगू या का? सगळ्यांच्या दारात तेव्हा भोपळे असतातच. मला ओळी नीट येत नाहीत. आमच्या घरी 'तूपरोटी खाईन' म्हणायचे, बायकोच्या माहेरी 'तूपसाखर'. बरोबर काय?

चिन्मय

---

प्रेषक: वसंतकाका

आमच्याकडे तूपरोटी. धुळ्याला कधी पोळी, कधी भाकरी, पण गोष्टीत रोटीच.

शुभदा, बोलायला येईन. दहा मिनिटं पुरणार नाहीत, वीस ठेव.

वसंत

---

प्रेषक: शुभदा

वीस दिली, काका.

चिन्मय, तुझ्यासाठी आज सकाळी साताऱ्याला फोन लावला. आई आता चौऱ्याऐंशीची आहे, कानाला कमी ऐकू येतं, त्यामुळे ओळी मला फोनवर ओरडून म्हणाव्या लागल्या आणि तिने तिकडून दुरुस्त केल्या. तिच्या म्हणण्याप्रमाणे तूपरोटीच. साखर घालायची नाही.

मग तिने विचारलं, "त्या टीव्हीतल्या आजीचं पुढे काय झालं? तू सांगितलंच नाहीस." तेवीस वर्षांपूर्वीचा भाग, एकदाच बघितलेला. मी सांगितलं, ती परत येते, त्याच सीझनच्या शेवटाकडे. सगळ्यांना वाटत होतं मुलगी होणार, पण पायपरला मुलगा झाला, त्याच्या बारशासारखा विधी असतो त्याला येते. मुलगा बघून आधी नाक मुरडते.

आई म्हणाली, "येऊ दे. आली ना."

ओळी या, तिने सांगितल्या तशा. बालवर्गाच्या कागदावर अशाच घाल:

लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन,
जाडजूड होईन, मग मला खा.

आणि परतताना:

म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक,
चल रे भोपळ्या टुणुक टुणुक.

शुभदा