लॅबचं नेटवर्क एका साध्या स्विचवर भागतं का?

कोरडवाहू

परवा इथेच 'सातरस्ता' यांनी लिहिलं की रिसर्च लॅबला वेगळं नेटवर्क, सर्व्हर वगैरे काही लागत नाही. नवी पेठेतून सोळा पोर्टचा साधा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबली जोडायचं खोकं, आणा, एक वायफाय राउटर लावा, सगळी मशिनं एकमेकांना दिसली की झालं, डेटा गूगल ड्राइव्हवर टाका, बाकी सगळं आयटीवाल्यांनी स्वतःचं महत्त्व वाढवायला काढलेलं खूळ. तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो पण ते आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

सोलापुरातल्या कुठल्याही सायन्स डिपार्टमेंटमध्ये जा आणि एक्सआरडी, एचपीएलसी, एफटीआयआर या सॅम्पल तपासायच्या मशिनांना जोडलेले पीसी बघा. विंडोज ७ सर्रास, कुठे कुठे अजून एक्सपी. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ ला संपला, ७ चा जानेवारी २०२० ला. ते बदलता येत नाहीत हे मला माहीत आहे, मशिनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही आणि अपग्रेड मागितलं की कंपनी लाखांतलं कोटेशन पाठवते. पण मग तोच पीसी, गावभर फिरून आलेले लॅपटॉप आणि पाहुण्यांचे मोबाईल एकाच सबनेटवर, म्हणजे नेटवर्कच्या एकाच भागात, कशाला? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर पसरलं ते एसएमबी१ मधल्या, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअर करायच्या जुन्या पद्धतीतल्या, भोकातून. ते बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता, ज्यांनी लावला नव्हता ते अडकले. आपल्या मशिनच्या पीसीला तर कंपनी पॅच लावू देत नाही, अँटिव्हायरसही नको म्हणते, म्हणजे ते भोक उघडंच आहे. त्यात भर म्हणजे नव्या विंडोजमध्ये २०१७ च्या शेवटापासून एसएमबी१ मुळात बंद येतं, तर "एक्सपीचं फोल्डर दिसेना" म्हणून पोरं स्वतःच्या लॅपटॉपवर ते परत चालू करतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि बघून चिडलोय.

माझं म्हणणं एवढंच की एक मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्यात सेटिंग करता येतं असा, घ्या, त्यात तीन व्हीलॅन करा, म्हणजे एकाच स्विचवर तीन वेगळी नेटवर्कं, मशिनं एकात, माणसं एकात, पाहुणे एकात. मशिनांना इंटरनेट नाही. मध्ये एक लिनक्सचा डबा, म्हणजे सर्व्हर म्हणून चालणारा पीसी, ठेवा, त्याने रात्री मशिनवरून डेटा उचलायचा, मशिनला सर्व्हरवर लिहायची परवानगीच द्यायची नाही, म्हणजे मशिनला काही लागण झाली तरी सर्व्हरवरचा डेटा शाबूत. डीएचसीपी स्नूपिंग चालू ठेवा, म्हणजे परका राउटर मशिनांना नेटवर्कचे पत्ते वाटू शकत नाही. एका लॅबमध्ये कोणीतरी घरचा राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट भिंतीतल्या पोर्टला लावला, तो सगळ्यांना १९२.१६८.०.चे पत्ते वाटत बसला आणि अख्खा दिवस मशिनं सापडेनात. हा सगळा खर्च एचपीएलसीच्या एक-दोन कॉलमच्या, म्हणजे त्यात बसवायच्या नळ्यांच्या, आसपास जातो. कॉलमला पैसे असतात, याला नसतात.

सातरस्ता

माझं नाव घेऊन धागा काढलात तर आता पूर्ण ऐका.

तुम्ही लिहिलंय त्यातलं तांत्रिक काही खोटं नाही. पण ते चालवणार कोण? एका कॉलेजात असंच मॅनेज्ड स्विच, व्हीलॅन, सगळं एका कॉन्ट्रॅक्टरने करून दिलं, बिल घेतलं आणि गेला. पासवर्ड त्याच्याकडे, नकाशा त्याच्या डोक्यात. पुढे स्विच गेला, तर नवा आणून लावला तरी काहीच चालेना कारण कुठल्या पोर्टला कुठलं व्हीलॅन हे कोणालाच माहीत नाही. किती दिवस मशीन पडून होतं ते तिथल्या पोरांना विचारा. शेवटी मीच जाऊन साधा स्विच लावला आणि अर्ध्या तासात काम सुरू झालं. म्हणून मी साध्याच्या बाजूचा आहे. साधं बिघडलं तर शिपाईसुद्धा वायर काढून दुसऱ्यात घालतो. तुम्ही ज्याला सुरक्षित म्हणता ते पहिल्या बिघाडापर्यंतच सुरक्षित असतं.

आणि ड्राइव्हचं म्हणाल तर निदान डेटाची सोलापूरच्या बाहेर एक कॉपी तरी राहते. तुमचा डबा लॅबमध्येच, आग लागली तर दोन्ही जाणार.

शोधछात्र

दोन्ही सर, एक विचारू का. "नेटवर्क सांभाळणार कोण" यावर तुम्ही दोघं भांडताय पण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. आम्ही सांभाळणार. ज्या पोराला फॉरमॅट मारता येतं त्याला गाइड म्हणतात तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा. ते "जरा" म्हणजे प्रिंटर, सर्व्हर, सरांच्या घरचं वायफाय, कॉलेजला ग्रेड देणारी नॅकची टीम यायची असली की सगळ्या डिपार्टमेंटचे पीसी. माझ्या सिनियरचं एक वर्ष यात गेलं, थिसिसमध्ये त्याची एक ओळ नाही, एक्स्पीरियन्स सर्टिफिकेट नाही, आणि तो गेल्यावर सगळे म्हणाले त्याने डॉक्युमेंटेशन ठेवलं नाही. कधी ठेवणार होता? रात्री रनिंग चालू असताना?

कोरडवाहू सर, तुमचं डिझाइन मला पटतं. फक्त त्यात माणसाचा खर्च धरलेला नाही.

तीनफेज

मी वायरिंगचं काम करतो, कॉलेजांची, दवाखान्यांची, टेक्सटाइलवाल्यांची. काय भांडूलालाव तुम्ही व्हीलॅनवरून, पाया खचलाय आणि रंग कुठला द्यायचा यावर चर्चा. लॅबमध्ये जळतं काय ते विचारा मला. स्विचचे पोर्ट जळतात, मशिनच्या पीसीचं लॅनकार्ड जळतं, आणि ते कधी जळतं, मेमध्ये, वळीव आला की. का? या इमारतीतून त्या इमारतीत तांब्याची केबल टाकलेली असते, झाडावरून, पाइपला बांधून. दोन्ही इमारतींची अर्थिंग वेगळी. जवळपास वीज पडली की केबलवर व्होल्टेज चढतं आणि पोर्टमधून वाट काढतं. इमारती-इमारतींत फायबरच पाहिजे, त्यातून करंट जात नाही, दोन टोकांना कन्व्हर्टर लावले की झालं. पण कोटेशनमध्ये फायबर बघितलं की साहेब म्हणतात कॅट-६ लाव, १०० मीटरच्या आत आहे ना. आहे, पण प्रश्न मीटरचा नाहीच.

आणि अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते, खड्ड्यात पाणी घालायला कोणी जात नाही, रेझिस्टन्स वाढत जातो. मशीन बसवायच्या वेळी कंपनी न्यूट्रल-अर्थिंग, म्हणजे न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तारांमधलं व्होल्टेज, दोन-तीन व्होल्टच्या आत आहे का बघते, त्या दिवशी खड्ड्यात बादल्या ओततात, सही होते, मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोणी फिरकत नाही.

कोरडवाहू

तीनफेज, फायबरचं शंभर टक्के मान्य. पण धागा नेटवर्क कसं मांडायचं याचा आहे. अर्थिंग सुधारून व्हायरस थांबत नाही.

तीनफेज

आणि व्हीलॅन करून वीज थांबत नाही. मी विषय सोडून बोलत नाही, तुम्हाला विषय एसीतला दिसतो म्हणून असं वाटतं. तुमचा तो लिनक्सचा डबा कुठे ठेवणार? जिन्याखाली नाहीतर स्टोअररूममध्ये, एसी तिथे नसतोच. सोलापूरचा मे, बाहेर ४३-४४, त्या खोलीत त्याहून जास्त. यूपीएसच्या बॅटरीचं आयुष्य कंपनी २५ डिग्रीला धरून सांगते, त्यावर दर आठ-दहा डिग्रीला ते साधारण निम्मं होतं. म्हणजे पाच वर्षांची बॅटरी इथे दोन वर्षं पण टिकत नाही, आणि हे कळतं कधी, लाईट गेल्यावर. लाईट गेली, यूपीएसने मान टाकली, डबा बंद, डिस्क करप्ट. बोला आता.

मास्तर_निवृत्त

तीनफेज यांना पाठिंबा, आणि त्याचं मूळ कारण मी सांगतो कारण तीस-पस्तीस वर्षं प्रपोजलं लिहिण्यात गेली. प्रकल्पात इक्विपमेंटच्या हेडखाली मशीन मंजूर होतं. यूपीएस, अर्थिंग, फायबर, स्विच हे पीआयच्या, म्हणजे प्रकल्पप्रमुखाच्या, डोक्यातच येत नाही, आलं तर "संस्था देईल" असं लिहितो. संस्था म्हणते प्रकल्पातून करा. मग कंटिंजन्सीतून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या पैशातून, जे बसेल ते येतं, ते पण जेमवर, सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, सगळ्यात कमी दराचं. स्पेसिफिकेशनमध्ये "१६ पोर्ट स्विच" एवढंच लिहिलं असेल तर साधाच येणार, त्यात पुरवठादाराचा दोष नाही. "मॅनेज्ड, ८०२.१क्यू, डीएचसीपी स्नूपिंग" हे शब्द लिहायला पाहिजेत (८०२.१क्यू म्हणजे व्हीलॅनचं स्टँडर्ड) आणि ते लिहिणारा माणूस खरेदी समितीत नसतो.

यूपीएसचं तर असं की मशिनबरोबर मोठा यूपीएस येतो, पण त्यावर स्विच जोडायची परवानगी देत नाहीत, लोड वाढेल म्हणून. मशीन चालू राहतं आणि नेटवर्क मरतं. मोठ्या रनमध्ये असं झालेलं मी बघितलंय.

सातरस्ता

बघा, म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. ना वीज धड, ना अर्थिंग, ना माणूस, ना खरेदी. अशा ठिकाणी तीन व्हीलॅन मांडणं म्हणजे कागदावरची हौस. कोरडवाहू, तुम्ही स्वतः कधी रात्रभर मशीन चालवलंय का? का फक्त स्विच चालवता?

कोरडवाहू

चालवलंय, आणि सकाळी फाइल गायब झालेली पण बघितलीय. हा प्रश्न तुम्ही विचारायला नको होता.

ड्राइव्हचं उत्तर राहिलं होतं ते देतो. पहिलं, विंडोज ७ वर आणि एक्सपीवर ड्राइव्हचं आजचं सॉफ्टवेअर चालतच नाही, म्हणजे डेटा पेनड्राइव्हने लॅपटॉपवर, तिथून ड्राइव्हवर. तोच पेनड्राइव्ह सगळ्या मशिनांवर फिरतो, रोग पसरायला आणखी काय पाहिजे. दुसरं, सिंक म्हणजे बॅकअप नाही, लॅपटॉपवर फाइल डिलीट झाली की ड्राइव्हवर पण होते, रॅन्समवेअरने कुलूपबंद केली तर तीच कुलूपबंद फाइल वर जाते. तिसरं, शिक्षणसंस्थांना गूगलने अमर्याद जागा दिली होती ती २०२२ मध्ये संपली, आता अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबीचं मूळ माप. त्यानंतर किती जणांना "जागा रिकामी करा"चे मेल आले ते आठवा. बाहेरची एक कॉपी पाहिजे हे मात्र बरोबर, माझ्या मांडणीत ती आली पाहिजे. पण ती डब्यावरून जाईल, मशिनवरून नाही.

टूरवर

मी मशिनवाल्या कंपनीचा सर्व्हिसवाला, पुण्यातून येतो, अडीचशे किलोमीटर. इंटरनेट पूर्ण तोडलं की रिमोटवर दहा मिनिटांत होणाऱ्या कामाला मला यावं लागतं आणि एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, नसेल तर त्या व्हिजिटचं बिल बघून तुम्हीच ओरडता. शिवाय तोडलेल्या पीसीची घड्याळं भरकटतात. एका ठिकाणी दोन मशिनांच्या फाइलींच्या वेळा जुळेनात, कुठला सॅम्पल आधी गेला यावरून वाद झाला.

आणि पॅच नको म्हणणारे आम्ही, हे खरं आहे. आमच्या हातात नसतं. कंपनीने ज्या व्हर्जनवर तपासलंय तेवढ्याचीच जबाबदारी घेते.

कोरडवाहू

घड्याळाचा मुद्दा चांगला काढलात. त्यालाच डबा लागतो, त्यावर एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय, चालू करायचं, सगळ्या मशिनांनी वेळ तिथून घ्यायची, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. रिमोटसाठी नियम तयार ठेवायचा, तुमचा फोन आला की चालू, काम झालं की बंद, आणि शेजारी कोणीतरी बसलेलं पाहिजे. कायमचं रिमोट सॉफ्टवेअर टाकून जाता ते मात्र बंद करा.

शोधछात्र

"शेजारी कोणीतरी" म्हणजे परत आम्हीच.

तीनफेज

हो पण मास्तर म्हणाले ते स्विचच्या यूपीएसचं कोणी बघणार का नाही? छोटा वेगळा यूपीएस लावा स्विचला आणि डब्याला, आणि डब्याला सांगून ठेवा की बॅटरी संपत आली की नीट बंद हो. यूएसबीची वायर यूपीएसच्या खोक्यात असते, कोणी लावतच नाही. मी लावून दिली तरी पुढच्या वेळी ती ड्रॉवरमध्ये सापडते.

सातरस्ता

ठीक आहे. पेनड्राइव्हच्या मुद्द्यावर मी गप्प बसतो, ते खरं आहे, आमच्याकडेपण तसंच चालतं. पण तीन व्हीलॅन मी मान्य करणार नाही. दोन करा, मशिनं आणि बाकी सगळे, पाहुण्यांना मोबाईलचं नेट आहे. आणि एक अट: त्याच मॉडेलचा दुसरा स्विच, तीच सेटिंग भरून, कपाटात. पासवर्ड बंद पाकिटात विभागप्रमुखाकडे. पोर्टची यादी कागदावर छापून रॅकच्या दारावर आतून. हे तिन्ही नसेल तर माझा साधा स्विचच बरा आणि मी तोच लावत राहणार.

कोरडवाहू

दुसरा स्विच, पाकीट, यादी, तिन्ही मान्य. दोन व्हीलॅन नाही मान्य. सेमिनारला बाहेरून येणारा माणूस वायफाय मागतो आणि तुम्ही नाही म्हणू शकत नाही, मग तो विद्यार्थ्यांच्यात घुसणार. तिसरं व्हीलॅन करायला तोच स्विच, त्यात दहा मिनिटांचं काम.

सातरस्ता

दहा मिनिटं तुम्हाला. बिघडल्यावर आमच्याकडच्या माणसाला किती?

मास्तर_निवृत्त

शोधछात्र यांच्या प्रश्नाकडे सगळ्यांनी पाठ फिरवली आहे म्हणून लिहितो. पुढच्या प्रपोजलमध्ये मॅनपॉवरच्या हेडखाली प्रोजेक्ट असिस्टंट मागताना त्याच्या कामात "इन्स्ट्रुमेंट नेटवर्क व डेटा" असं स्पष्ट लिहा. मंजूर होईलच असं नाही, पण न लिहिता तर कधीच होत नाही. आणि तोवर विद्यार्थी करत असेल तर गाइडने तसं लेटरहेडवर लिहून द्यावं, तारखेसकट.

शोधछात्र

सर, लेटर मागितलं होतं. "बघू" म्हणाले. तुमच्यापैकी जे गाइड आहेत त्यांनी इथेच सांगा, तुम्ही तुमच्या पोराला दिलंय का?

तीनफेज

तोवर कोणाकडे मल्टिमीटर असेल तर उद्या न्यूट्रल-अर्थिंग मोजून आकडा टाका, डिपार्टमेंटचं नाव नका लिहू. पाणी ओतायच्या आधी मोजा.